सीआरएनएचा आकडा फुगतो कशाने? इन्फ्लुएंझाचे तीन आरएनए वेगळे मोजताना

लक्षणं ओळखीची आहेत. संसर्गानंतर दर दोन तासांनी पेशी गोळा केल्या, आरएनए काढला, तीन प्रकारांसाठी तीन वेगळे प्रायमर (प्रतीची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) घालून आरटी केली, म्हणजे आरएनएवरून डीएनएची प्रत (सीडीएनए) काढली, आणि ती मोजायला क्यूपीसीआर लावला. आलेख बघावा तर व्हीआरएनए (विषाणूचा जीनोम), सीआरएनए (त्याची पूरक प्रत) आणि एमआरएनए (प्रथिनांसाठीचा) तिन्ही रेषा एकाच चालीने वर चढलेल्या. सीआरएनए व्हीआरएनएच्या बरोबरीला, कधी त्याच्याही वर. प्रायमर न घातलेल्या नळीतही बत्तिसाव्या-तेहतिसाव्या फेरीला सिग्नल. मग प्रायमर नव्याने मागवले जातात, किट बदललं जातं, एक-दोन प्रयोग बरे येतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बहुतेक वेळा लोक क्यूपीसीआरची डागडुजी करत बसतात आणि चूक असते त्याच्या आधीच्या पायरीत. आरटीची नळी ६० अंशांच्या खाली असताना तिच्यात जिवंत एन्झाइम आणि प्रायमर एकत्र आले की तीन आरएनएंमधली भिंत पडते. पुढे क्यूपीसीआर कितीही नेटका केला तरी ती परत उभी राहत नाही. असं का होतं ते या तीन आरएनएंच्या टोकांत दडलंय, म्हणून आधी टोकं बघू.

तीन आरएनए, तीन टोकं

इन्फ्लुएंझा ए चा जीनोम आठ तुकड्यांचा, एकूण साधारण साडेतेरा हजार बेसचा, ऋण बाजूचा आरएनए आहे. तोच व्हीआरएनए. विषाणूचं पॉलिमरेज पीबी१, पीबी२ आणि पीए या तीन प्रथिनांचं बनलेलं असतं आणि एकाच साच्यावरून दोन वेगळी कामं करतं.

पहिलं काम एमआरएनए बनवण्याचं. इथे पॉलिमरेज सुरुवात स्वतः करत नाही, ती चोरतं. पीबी२ पेशीच्या एमआरएनएची टोपी (५' टोकावरची कॅप) धरतं, पीएमधला एंडोन्यूक्लिएज टोपीपासून १० ते १३ बेसवर काप देतो आणि तो तुकडा प्रायमर म्हणून पीबी१ पुढे वाढवत नेतं. म्हणून विषाणूच्या प्रत्येक एमआरएनएच्या ५' टोकाला पेशीचे परके बेस असतात आणि त्यांची लांबी रेणूगणिक थोडी बदलते. शेवटही असाच वेगळा. व्हीआरएनएच्या ५' टोकापासून साधारण १६-१७ बेस आत पाच ते सात यू सलग येतात. साच्याचं ५' टोक पॉलिमरेजने स्वतःच धरून ठेवलेलं असल्यामुळे त्याला पुढे सरकता येत नाही; ते त्या यूंवरच पुन्हा पुन्हा घसरत राहतं आणि पॉली-ए शेपूट तयार होते. परिणाम असा की साच्याचे शेवटचे सोळा-सतरा बेस एमआरएनएमध्ये उतरतच नाहीत.

दुसरं काम प्रत काढण्याचं. इथे ना टोपी चोरली जाते ना शेपूट लागते. व्हीआरएनएची टोकापासून टोकापर्यंत तंतोतंत पूरक प्रत निघते, ती सीआरएनए. तिच्या ५' टोकाला ट्रायफॉस्फेट आणि ३' टोकाला एमआरएनएत नसलेले ते सोळा-सतरा बेस. पुढे याच सीआरएनएवरून नवे व्हीआरएनए निघतात. नवी प्रत बाहेर पडताच तिला दुसरं पॉलिमरेज आणि एनपी प्रथिनं येऊन गुंडाळतात. ती मिळाली नाहीत तर पेशी त्या प्रतीचा फडशा पाडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे एका कंट्रोलमध्ये त्याचा उपयोग आहे.

थोडक्यात, सीआरएनए आणि एमआरएनए दोन्ही धन बाजूचे, अंगाने सारखे, फरक फक्त टोकांना. आपल्याला मोजताना धरता येतं ते ३' टोक.

भिंत किती पातळ आहे

ए/डब्ल्यूएसएन/३३ या प्रयोगशाळेतल्या जुन्या स्ट्रेनचा पाचवा तुकडा घेऊ, म्हणजे एनपीचा, १५६५ बेसचा. सीआरएनए पकडायचा प्रायमर टोकाच्या १३ बेसपासून सुरू होतो (ए-जी-टी-ए-जी-ए-ए-ए-सी-ए-ए-जी-जी), मग जी-टी-ए, त्यापुढे पाच टी आणि शेवटी सी-टी-टी-टी. एकूण २५ बेस, आणि त्यांच्या ५' बाजूला विषाणूत किंवा पेशीत कुठेच नसलेला साधारण २० बेसचा टॅग. क्यूपीसीआरचा एक प्रायमर याच टॅगचा असतो, म्हणून टॅग असलेला सीडीएनएच मोजला जातो.

आता या प्रायमरचं ३' टोक बघा. शेवटचे नऊ बेस म्हणजे पाच टी आणि सी-टी-टी-टी. एमआरएनएमध्ये शेपटीच्या तोंडाशी ए-ए-ए-जी आणि पुढे ए-ए-ए-ए-ए असं आहेच. म्हणजे प्रायमरचे शेवटचे नऊ बेस एमआरएनएवर चपखल बसतात. नऊ बेसची पकड ६० अंशांना टिकत नाही. ४२ अंशांना किंवा खोलीच्या तापमानाला मात्र ती एन्झाइमला सुरुवात करायला पुरते, आणि एमआरएनए सीआरएनएच्या कित्येक पट असल्यामुळे अशा चुकार सुरुवातीही भरपूर होतात. एकदा सुरुवात झाली की तयार होणाऱ्या सीडीएनएला ५' टोकाला टॅग असतो आणि दिशाही बरोबर असते. क्यूपीसीआरला खरा-खोटा ओळखायला काही मार्गच उरत नाही. मेल्ट कर्व्हही (उत्पादन एकच आहे का ते दाखवणारा आलेख) एकदम स्वच्छ येतो, आणि फसगत तिथेच होते.

उलट बाजूने एमआरएनएचा प्रायमर तर आणखी कच्चा. टॅग, मग सतरा टी, मग सी-टी-टी-टी-ए-ए-टी-टी-जी-टी-सी. हे शेवटचे ११ बेस सीआरएनएवर जसेच्या तसे आहेत आणि त्यांच्यामागचे पाच टीसुद्धा सीआरएनएतल्या पाच ए वर बसतात. म्हणजे १६ बेसची जुळणी. संसर्गाच्या सुरुवातीला एमआरएनए इतका जास्त असतो की ही गळती आकड्यात दिसत नाही. पण एंडोन्यूक्लिएज बंद पाडणारं बॅलोक्सॅविरसारखं औषध घालून एमआरएनए खाली आणला की 'उरलेला एमआरएनए' म्हणून जे दिसतं त्यात सीआरएनएचा वाटा असू शकतो.

मग सीआरएनएचा प्रायमर आखूडच का घेऊ नये, फक्त १६ बेसचा, यूंच्या पट्ट्याआधी संपणारा? घेता येतो, पण तो ६० अंशांना सीआरएनएवरही नीट बसत नाही आणि संवेदनशीलता पडते. मग लोक तापमान ५० वर आणतात आणि पुढे येणाऱ्या दुसऱ्या गळतीला दार उघडतात. लांब प्रायमर आणि कडक तापमान हीच जोडी बरी.

आधी गळती कुठली ते ठरवा

काहीही बदलण्याआधी एकाच दिवशी, एकाच आरएनएवर हे कंट्रोल लावा.

एन्झाइमशिवायची नळी. इथे सिग्नल आला तर डीएनए आहे. नुसत्या संसर्गाच्या प्रयोगात हे क्वचित दिसतं, कारण विषाणूला डीएनएची पायरीच नाही. आलंच तर आधीच्या पीसीआरचं उत्पादन टेबलावर किंवा पिपेटमध्ये फिरतंय असं समजा. प्लाझमिड घातलेल्या पेशींत मात्र हा पहिला संशयित.

प्रायमरशिवायची नळी, एन्झाइमसकट. आरएनए स्वतःच दुमडून किंवा दुसऱ्या आरएनएचे तुकडे प्रायमर म्हणून वापरून सीडीएनए बनवतो, ते इथे कळतं. या सीडीएनएला टॅग नसतो, म्हणून टॅगच्या प्रायमरने ही नळी कोरी यायला हवी. टॅगऐवजी साध्या जोडीने वाढवून बघितलंत तर सिग्नल येणारच. त्याने घाबरू नका.

चुकीच्या साच्याची नळी, सगळ्यांत महत्त्वाची. टी७ पॉलिमरेजने नळीत बनवलेला शुद्ध व्हीआरएनए, १० कोटी प्रती, संसर्ग न झालेल्या पेशींच्या २०० नॅनोग्रॅम आरएनएत मिसळून सीआरएनएच्या मोजणीला लावा. दुसऱ्या नळीत शेपटीसकट बनवलेला एमआरएनए, तोही सीआरएनएच्याच मोजणीला. योग्य साच्याच्या सीटीपासून (सिग्नल दिसू लागतो ती फेरी) किमान दहा फेऱ्यांचं अंतर हवं, म्हणजे हजार पट. हजारच का? संसर्गात सीआरएनए बहुतेकदा व्हीआरएनएच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा असतो. व्हीआरएनए वीसपट असेल आणि गळती हजारात एक, तर सीआरएनएच्या आकड्यात दोन टक्क्यांची भर, खपून जाते. गळती शंभरात एक असेल तर वीस टक्के, आणि मग दोन म्यूटंटमधला दीडपटीचा फरक छापायला जाऊ नये.

सायक्लोहेक्झिमाइडची नळी. पेशींना संसर्गाच्या अर्धा-एक तास आधीपासून १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर सायक्लोहेक्झिमाइड द्या आणि माध्यम बदलताना प्रत्येक वेळी पुन्हा घाला. नवं प्रथिन बनत नाही, त्यामुळे विषाणूसोबत आलेली पॉलिमरेज फक्त एमआरएनए काढत राहतात. सीआरएनए निघाला तरी गुंडाळायला नवं एनपी आणि नवं पॉलिमरेज नसल्याने तो टिकत नाही. म्हणजे ही नैसर्गिक नळी: एमआरएनए भरपूर, सीआरएनए जवळपास नाही. इथे सीआरएनएची रेष एमआरएनएसोबत चढत असेल तर निदान पक्कं, नऊ बेसची गळती. या एका कंट्रोलने जेवढा वाद मिटतो तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून मिटत नाही, तरी तो लावणारे थोडे.

आरटी: कृती आणि तिच्यातल्या खाचा

एका नळीत एकच टॅग-प्रायमर. तिन्ही एकत्र घालून आरटी उरकण्याचा मोह टाळा.

२०० नॅनोग्रॅम आरएनए आणि १० पिकोमोल टॅग-प्रायमर मिळून ५.५ मायक्रोलिटर करा. ६५ अंशांना १० मिनिटं, बर्फावर ५ मिनिटं, मग ६० अंशांना ५ मिनिटं. बर्फावर चुकीच्या जोड्या जुळतातच, पण तिथे एन्झाइम नाही. पुन्हा ६० अंशांवर आणल्यावर त्या सुटतात. ही शेवटची पाच मिनिटं 'वेळ वाचवायला' गाळणारे बरेच असतात आणि नेमकी तीच गाळायची नसतात.

दुसऱ्या नळीत, प्रत्येक आरटीसाठी १४.५ मायक्रोलिटर मिश्रण: पाचपट बफर ४, डीटीटी (०.१ मोलर) १, डीएनटीपी (प्रत्येकी १० मिलिमोलर) १, आरटीचं एन्झाइम सुपरस्क्रिप्ट ३ (२०० युनिट) १, आरएनेज प्रतिबंधक (४० युनिट) १ आणि संपृक्त ट्रेहॅलोज ६.५ मायक्रोलिटर. हे मिश्रणही ६० अंशांवर आणा आणि गरम असतानाच पहिल्या नळीत टाका. मग ६० अंशांना एक तास.

ट्रेहॅलोज ही साखर एन्झाइमला उष्णतेत सांभाळते. ती नसेल तर ६० अंशांना तासभर हे एन्झाइम दमतं आणि सगळेच सीटी मागे सरकतात. संपृक्त म्हणजे खोलीच्या तापमानाला, आरएनेजरहित पाण्यात, तळाशी न विरघळलेले दाणे उरेपर्यंत घालायची. वापरायचं वरचं द्रावण. ते काकवीसारखं दाट असतं. घाईने ओढलं तर टिपमध्ये हवा येते आणि ६.५ चं ५ होतं, म्हणून टिपचं तोंड थोडं कापून, सावकाश. आठ-दहा नळ्यांचं मिश्रण एकदम करा. एकेका नळीसाठी अर्धा-अर्धा मायक्रोलिटर मोजायला जाऊ नका. ढवळणंही पिपेटने वरखाली करून, कारण ट्रेहॅलोज तळाला बसतं आणि नुसत्या टिचकीने एन्झाइम वरच राहतं.

खरी चूक इथून पुढे होते. मिश्रण टाकायला नळी ब्लॉकवरून काढून रॅकमध्ये ठेवली जाते. वीस मायक्रोलिटरचं द्रावण पातळ नळीत काही सेकंदांत तीसच्या घरात येतं, आणि आता त्यात एन्झाइमही आहे. मशीनचं झाकण उघडं ठेवून, नळी ब्लॉकमध्येच असताना मिश्रण टाका आणि तिथेच वरखाली करा. एका वेळी आठांहून जास्त नळ्या घेऊ नका. पहिली आणि शेवटची यांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू नये. मिश्रण गरम करून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं तर एन्झाइम त्यातच म्हातारं होतं, ६० अंशांना दोन-तीन मिनिटं पुरतात. आणि मशीनला यूपीएस नसेल तर वीज गेल्यावर काय होतं ते एकदा तपासा. काही मशीन वीज आल्यावर राहिलेली पायरी निमूट पूर्ण करतात आणि मधल्या काळात नळ्या थंड होऊन गेल्याची नोंद कुणी बघत नाही. रनचा तापमानाचा आलेख उघडून बघायची सवय लावा.

एन्झाइम मारताना ७० ऐवजी ८५ अंश, ५ मिनिटं. ट्रेहॅलोजने त्याला कणखर केलंय हे इथेही लागू आहे.

उरलेला प्रायमर

दुसऱ्या गळतीचा रस्ता वेगळा. सीआरएनएच्या नळीत व्हीआरएनए स्वतःच दुमडून थोडा धन बाजूचा, टॅग नसलेला सीडीएनए बनवतो. त्याने काही बिघडलं नसतं. पण आरटीतला न वापरलेला टॅग-प्रायमर क्यूपीसीआरमध्ये गेला की तो या सीडीएनएच्या टोकावर बसतो, पहिल्याच फेरीत टॅग जोडला जातो आणि व्हीआरएनए सीआरएनए म्हणून मिरवतो.

हिशोब सोपा आहे. २० मायक्रोलिटरमध्ये १० पिकोमोल म्हणजे ०.५ मायक्रोमोलर. विरळ न करता त्यातले ३ मायक्रोलिटर २० च्या क्यूपीसीआरमध्ये टाकले तर ७५ नॅनोमोलर प्रायमर सोबत जातो. टॅगचा प्रायमर ३०० नॅनोमोलर असताना ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही. दहापट विरळ केल्यावर ७.५, शंभरपट केल्यावर पाऊण नॅनोमोलर. दहापट विरळ करणं सक्तीचं धरा. आरएनए पुरेसा असेल तर शंभरपट करून बघा: खरा सिग्नल साधारण ३.३ फेऱ्या मागे जाईल, खोटा त्याहून बराच जास्त. हा फरकच निदान आहे, वेगळं रसायन लागत नाही.

सुरुवातीच्या तासांचे नमुने विरळ करणं परवडत नसेल तर एक्झोन्यूक्लिएज १ वापरा. ते एकेरी डीएनए खातं, आरएनएशी जोडलेला सीडीएनए वाचतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आरटीचं एन्झाइम मारा, मग ३७ अंशांना १५ ते ३० मिनिटं एक्झोन्यूक्लिएज, मग ८० अंशांना १५ मिनिटं. आरटी जिवंत असताना ३७ अंशांवर आणलंत तर नऊ बेसची जुनी गळती स्वतःच्या हाताने घडवलीत. आणि आधी ९५ अंशांना तापवून सीडीएनए सुटा केलात तर तोही खाल्ला जाईल.

जाता जाता: ४५ बेसचे प्रायमर नुसते डीसॉल्ट करून मागवू नका, एचपीएलसी किंवा पेज शुद्धीकरण घ्या. प्रायमर ३' कडून ५' कडे बांधला जातो, म्हणून अर्धवट राहिलेल्या साखळ्यांत टॅगच तुटलेला असतो. त्या आरएनएवर बसून जागा अडवतात, सिग्नल मात्र देत नाहीत. बॅच बदलली की सीटी दोन फेऱ्या हलतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

प्रमाण म्हणून घेतलेला आरएनएच भेसळीचा

चुकीच्या साच्याचा कंट्रोल नापास झाला की लगेच प्रायमरला दोष देऊ नका. टी७ पॉलिमरेज थोडा उलट बाजूचा आरएनएही बनवतं, विशेषतः प्लाझमिड कापताना ३' बाजूला लोंबतं टोक ठेवणारं एन्झाइम (पीएसटी१, केपीएन१, एसएसी१) वापरलं असेल तर. म्हणजे तुमच्या 'शुद्ध' व्हीआरएनएत खराखुरा सीआरएनए असतो. बोथट किंवा ५' लोंबतं टोक ठेवणारं एन्झाइम वापरा, डीएनएज दोनदा द्या आणि यूरिया जेलमधून योग्य लांबीचा पट्टा कापून घ्या. टोकांच्या बाबतीत तडजोड नको. व्हीआरएनएचं ३' टोक नेमकं हवं, एक-दोन बेसची शेपटीही नको.

प्रती मोजताना: १५६५ बेसच्या आरएनएचा १ नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे १२० कोटी प्रती. दहादहा पटीने उतरवा आणि प्रत्येक पायरीत संसर्ग न झालेल्या पेशींचा आरएनए सोबत ठेवा, नाहीतर विरळ नळ्यांतला आरएनए प्लास्टिकला चिकटून नाहीसा होतो आणि प्रमाणरेषेचा उतार बिघडतो. उतार −३.१ ते −३.६ च्या बाहेर असेल तर त्या दिवसाचे आकडे वापरू नका.

गळती थांबली तरी आकडे विचित्र

शून्य तासाला भरपूर व्हीआरएनए दिसणं हा बिघाड नव्हे, तो आत टाकलेला विषाणू आहे. ४ अंशांवर तासभर चिकटवून, धुऊन, लगेच गोळा केलेला नमुना ठेवा आणि पुढच्या आकड्यांतून वजा करा. याच नमुन्यात एमआरएनए दिसला तर विषाणूच्या साठ्यात फुटलेल्या पेशींचा कचरा आहे. साखरेच्या थरावरून अतिवेगाने फिरवून विषाणू शुद्ध करा.

पॉलिमरेजच्या तीन मोठ्या तुकड्यांत आकडे अवाच्या सवा आले तर साठ्यात सदोष, मधला भाग गळालेले आरएनए असण्याची शक्यता मोठी. त्यांची दोन्ही टोकं शाबूत असतात, म्हणून टोकाजवळचा प्रायमर त्यांनाही मोजतो. मधल्या भागाची साधी जोडी लावून तुलना करा. टोकाजवळचा आकडा मधल्यापेक्षा पाच-दहा पट असेल तर तो साठा बाजूला ठेवा आणि ०.००१ ते ०.०१ एमओआयने (दर पेशीमागे विषाणूंचं प्रमाण) नवा वाढवा.

तुलनेसाठी पेशीचा ॲक्टिन किंवा जीएपीडीएचचा एमआरएनए घेतला असेल तर नंतरच्या तासांत सगळंच वाढल्यासारखं वाटेल. विषाणू यजमानाचे एमआरएनए टोपीसाठी कापतो आणि पीए-एक्स प्रथिनाने त्यांची विल्हेवाटही लावतो; म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच घसरतो. १८एस किंवा ५एस आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) घ्या. दोन्हींना टोपी नसते.

प्लाझमिडवरची प्रणाली वापरत असाल तर

२९३टी पेशींत पीबी१, पीबी२, पीए, एनपी यांची प्लाझमिडं आणि मानवी पोल-१ (पेशीचं आरएनए पॉलिमरेज १) प्रोमोटरखाली एक व्हीआरएनए: इथे संसर्ग नाही, पण मोजणीच्या अडचणी जास्त. मोजायला पाचवा तुकडा घेऊ नका, एनपीच्या प्लाझमिडमधून निघणारा एमआरएनए घोळ घालतो. सहावा, एनएचा (न्यूरामिनिडेज प्रथिनाचा), सोयीचा. डीएनएज दोनदा द्या, दुसऱ्यांदा स्तंभावर नव्हे तर नळीत.

उणा कंट्रोल म्हणून पीबी१ गाळण्याऐवजी निष्क्रिय पीबी१ द्या, ज्यात ४४५ आणि ४४६ क्रमांकांचे अस्पार्टेट अलानिन केलेले असतात. या नळीत व्हीआरएनए शून्य येणार नाही. तो पेशीच्या पोल-१ ने काढलेला आहे. सीआरएनए आणि एमआरएनए मात्र तळाला हवेत. तिथे सीआरएनए दिसला तर वरची सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून. आणि मानवी पोल-१ प्रोमोटर एमडीसीके पेशींत चालत नाही. कुत्र्याच्या पेशींना कुत्र्याचाच लागतो. सिग्नल अजिबात नसल्याच्या तक्रारींत हे कारण बऱ्याचदा निघतं.

निकाल पटत नसेल तर प्रायमर एक्स्टेन्शन

क्यूपीसीआरवर विसंबू नये अशी वेळ येते, विशेषतः म्यूटंट फक्त प्रत काढण्यात कमी पडतो की एमआरएनए बनवण्यातही, हे ठरवताना. तेव्हा जुनी पद्धतच खरी. एनएच्या धन बाजूवर बसणारा एकच लेबल केलेला प्रायमर सीआरएनए आणि एमआरएनए दोन्हींवरून ५' टोकापर्यंत जातो. सीआरएनए १६० बेसला एक धारदार पट्टा देतो. एमआरएनए त्याच्या वर १६९ ते १७७ च्या दरम्यान पसरट झुबका देतो, कारण चोरलेल्या टोप्यांची लांबी सारखी नसते. व्हीआरएनएचा प्रायमर वेगळा, पट्टा १२९ ला. ५एस आरआरएनए १०० ला, तुलनेसाठी. सगळं एकाच नळीत, ६ टक्के पॉलिॲक्रिलामाइड आणि ७ मोलर यूरियाच्या जेलवर.

इथे ३' टोकाचा संबंध नाही, म्हणून नऊ बेसची गळतीही नाही. संवेदनशीलता मात्र कमी. पहिल्या दोन तासांतला सीआरएनए दिसायची आशा धरू नका. पट्टे खालून वर धुरकट असतील तर यूरिया जेल पुरेसं गरम झालेलं नाही; नमुने फॉर्मामाइडमध्ये ९५ अंशांना ३ मिनिटं तापवून लगेच भरा आणि जेल ५० अंशांच्या आसपास चालू द्या. १६० चा पट्टा आणि वरचा झुबका एकमेकांत मिसळत असतील तर जेल लांब घ्या, किमान ३० सेंटीमीटर.

लेबलसाठीच्या किरणोत्सारी फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवसांचं. लेबल केलेला प्रायमर तीन आठवड्यांनी वापरला तर सिग्नल जवळपास तिसऱ्या हिश्शावर आलेला असतो, आणि तेव्हा सीआरएनएचा पट्टाच सगळ्यांत आधी दिसेनासा होतो. म्हणून आरएनएचे नमुने आधी जमवा, गोठवून ठेवा आणि लेबल आलं की एकाच आठवड्यात सगळी जेलं उरका. परवाना किंवा सोय नसेल तर ५' टोकाला इन्फ्रारेड रंग लावलेला प्रायमर घ्या; व्हीआरएनए आणि एमआरएनए व्यवस्थित दिसतात, सीआरएनएसाठी आरएनए दुप्पट-तिप्पट घालावा लागतो.